हातचा

मन्याडच्या काठी, कंधारच्या अलीकडं,
सोजरबाईच्या ओसरीत मी दुकान मांडलं:
रेघा मारलेल्या तीन वाट्या, दोन पळ्या, एक पेला,
टेप, वजनकाटा
आणि सोळा रकान्यांचा फॉर्म.
‘काल सकाळपासून काय काय खाल्लं, आठवून सांगा.’

ती हसली. ‘माझं व्हय? आदी त्यांचं लिवा.’

आणि सांगत सुटली, बोटांच्या पेरांवर मोजत.
भरतीसाठी पहाटं सोळाशे मीटर पळणारा उद्धव,
त्याला न्याहारीलाच दोन भाकरी, वर गूळ-शेंगदाणे,
‘पळणाऱ्याचं लवकर जिरतंय.’
मोंढ्यात हमाली करणारा नवरा,
सोयाबीनची आवक असली की साडेतीन,
मोंढा बंद असला की दोन,
‘बसून कुठं लागतंय येवढं.’
सून अंगावर पाजते, तिला अर्धी जास्तीची
आणि सांजच्याला हळिवाची खीर.
सासूला दात न्हाईत,
तिच्या कण्या ताकात, पातळ.

माझं पेन थांबलं.
बैठं काम, मध्यम काम, जड काम,
स्तनदा, साठीपुढची:
परभणीच्या होस्टेलात ज्या तक्त्यासाठी मी रात्री जागवल्या
तो हिच्या काटवटीत रोज मळला जात होता,
थापला जात होता कमी-जास्त,
ज्याच्या त्याच्या घामाएवढा.

‘आणि तुमचं?’
‘माझं काय, उरल्यालं.’
‘म्हणजे किती?’
‘उरंल तसं.’

मी वाटी दाखवली. अर्धी वाटी दाखवली.
तिनं टोपल्याकडं बघितलं,
जणू टोपलंच साक्ष देणार.
‘काल पोराचे दोस्त आलते जेवाया.
मंग येसर ऱ्हायलं हुतं बुडाला,
त्यात पाणी घातलं.’
पळी तिच्या हातात दिली. ती नुसतीच उलटीपालटी करत बसली.

चौथीत गुरुजी बेरजेला उभं करायचे:
हातचा धरला का? मिळवला का?
या घरातली बेरीज रोज बरोबर येते.
सगळे आकडे आपापल्या ताटात,
आणि जी हातची धरली
ती मिळवायची राहून गेलेली, सव्वीस वर्षं.

दंडाला टेप लावायला बांगड्या वर सारल्या,
तर त्या न अडकता कोपरापलीकडं गेल्या.
मग चपला काढून, पदर सावरून
ती काट्यावर उभी राहिली, देवळात राहावं तशी.
अडतीस पूर्णांक चार.

तेवढ्यात किशनराव आला, मानेवर सोयाबीनचा भुसा.
पोतं पाठीवर पडलं की
किलोभराचा फरक त्याच्या मणक्याला कळतो,
आडते शपथ घालून विचारतात.
वाकून आकडा वाचला.
‘काटा मारतोय तुमचा.’
‘कंपनीचा आहे, काका.’
‘कंपनीचेच मारतेत.’

तसाच बाहेर गेला,
शेजारच्या दुकानातून शिक्क्याचा कट्टा
खांद्यावर घेऊन आला, पन्नास किलोचा.
सोजरबाई खाली उतरली, तिच्या जागी कट्टा ठेवला,
हळूच, आत काही फुटेल असा.
पन्नास पूर्णांक एक.

‘बारदाना धरून,’ तो म्हणाला.
पुढं बराच वेळ काही नाही.
कट्टा उचलला नाही. तिच्याकडं बघितलं नाही.
पाळण्यात नात कुरकुरली, सून उठली.
सोजरबाईच बोलली शेवटी:
‘झालं का माप? भाकरी टाकायच्या हायेत.’

गाडीत बसून फॉर्म पुरा केला.
ऊर्जेची गरज तक्त्यावरून भरली.
प्रत्यक्ष आहारापुढं ‘अंदाजे’ लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात दोनच ओळी मावतात:
काटा तपासला.
बरोबर आहे.