वजन टेकल्यावर

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे.
एकदा उचलली की चाक नुसतं फिरतं,
जोर कुठे लागतच नाही.
मी चौदाची असताना आइमोने शिकवलेलं हे.
आता मी त्रेपन्न, आणि तो अंगणात उभा आहे
अकरा महिन्यांनी,
स्प्रिंग दाबायचे दोन लांब स्क्रू हातात घेऊन.
माझ्याकडे ते नाहीत, एवढंच कळवलं होतं.
बाकी काही नाही.

एप्रिल संपत आलाय. केमीत अजून
कुंपणाशी बर्फ काळा पडून आहे,
त्यात हिवाळाभर रस्त्यावर ओतलेली खडी.
आणि मीठ.
या टोयोटाने तेवीस हिवाळे मीठ खाल्लं,
खाल्ल्या मिठाला जागली ती अशी
की एक बोल्ट जागचा हलेना.

"अठरा," तो गाडीखालून म्हणतो.
बोल्टचं डोकं गंजाने फुगलंय, अठरा बसत नाही.
"एकोणीस."
एकोणीस गरगर फिरतो.
शेवटी अठराच, हातोडीने ठोकून.
"चौदा." "सतरा." "दिवा."
असं आमचं बोलणं.

बॉल जॉइंटचा नट निघाला तरी पिन सुटत नाही.
ओढून उपयोग नसतो. पिनेवर मारूनही नाही.
ती ज्यात रुतलीय त्या लोखंडावर मारायचं,
कडेने, नेम धरून.
सात घाव फुकट गेले. आठव्याला
टण्‌कन आवाज, आणि आर्म खाली.
समोरच्या लेम्पीबाईंनी पडदा सारला,
परत लावला.

ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबकळता ठेवू नये म्हणून
मी तार आणली.
मधोमध पीळ, टोकाला लाकडाची गोटी.
आईच्या झोपडीत धुराड्याची झडप ओढायची ती.
झोपडी विकली तेव्हा एवढीच काढून आणली होती मी.
सही त्याने आधी केली. मी करणार नव्हते.
मग केली.
त्याने गोटी अंगठ्याने जरा चोळली
आणि कॅलिपर टांगला.

स्प्रिंगला मात्र दोन माणसं लागतात.
म्हणजे एकट्याने करणारे करतात,
त्यातल्या एकाचा जबडा मी पाहिलाय,
रात्रपाळीला, टाके घालताना.
एका बाजूने जास्त आवळली की ती वाकते,
आणि निसटली की कोणाची बहीण कोणाचा भाऊ बघत नाही.
आम्ही पायरीवर समोरासमोर बसलो,
स्प्रिंग दोघांच्या गुडघ्यांमध्ये.
त्याचे पाच वळसे, माझे पाच.
"पाच."
"पाच."
"तीन."
"तीन. थांब, माझा घसरला."
थांबला.

साडेदहा वाजून गेले तरी उजेड जाईना.
नवा शॉक बसला, नवा आर्म बसला,
आइमोने आर्मचा मोठा बोल्ट आवळायला पाना लावला.
मी म्हटलं, "नको. आत्ता नको.
आर्म लोंबत असताना आवळलास
तर बुश त्याच जागी धरतो,
गाडी खाली आली की पिळवटतो,
वर्षात फाटतो.
आधी वजन टेकू दे."

त्याने मान बाहेर काढली. कपाळावर ग्रीस.
"हे मी नव्हतं सांगितलं."
"नाही."
तो बराच वेळ पान्याकडे पाहत राहिला,
मग चाक मागितलं.

गाडी फळ्यांवर उतरवली. तो पुन्हा खाली सरपटला,
मी बॉनेटवर दोन्ही हात टेकून
चार-पाचदा दाबलं, तिला बसू दिलं.
"आता," मी म्हटलं.
त्याने आवळलं.

डावी बाजू दोन बोटं वर आलीय.
उजवी जुनीच, खचलेली.
अशी चालवायची नसते,
या जोडीनेच बदलतात, डबी उघडली तेव्हाच दोघांना माहीत होतं.
आइमोने हात बर्फाने धुतले,
दोन्ही स्क्रू पायरीवर ठेवले आणि
"शिफ्ट कितीला संपते?" विचारलं.
"तीनला."

तो गेल्यावर मी पाने मोजून गुंडाळले.
अठराचा सापडला नाही.
त्याच्या खिशात गेला असणार.