चेन

जांभळी नाक्यावर सात दुकानं फिरलो.
दुकानदार आधी जुने कागद कोंबून
प्रत्येक बॅग पोटुशी करून दाखवायचा.
मी यादी वाचत होते,
अलेयम्मा मॅडमनी फळ्यावर लिहून दिलेली:
प्रोसिजर बुक, केस फाइल, बी.पी.चं यंत्र,
सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कात्री, टॉर्च,
इस्त्री न मोडता मावेल असा गणवेश,
पांढरे बूट वेगळ्या कप्प्यात.
डबा त्याहून वेगळ्या.

बाबा यादी ऐकत नव्हते.
बॅगा उलट्या करून शिवण बघत होते.
एका गुलाबी बॅगेचा पट्टा त्यांनी दोनदाच ओढला,
तर दुकानदार म्हणाला, काका, घ्यायची नसेल तर ठेवा.
कापडाची नको, बाबा म्हणाले. कापड पितं.
एवढंच.
मग तलावपाळीला उसाचा रस प्यायलो
आणि हात हलवत घरी आलो.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
गॅरेजला लागून पत्र्याखाली त्यांचं दुकान.
रिक्षांच्या सीटा, हूड, पडदे.
तीस वर्षं ते या शहराच्या बुडाखालचं शिवतायत.
माणूस काय काय सांडतो, हे
आमच्या अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.
एकदा कळव्याच्या पुलावरच एक बाई बाळंत झाली.
दुसऱ्या दिवशी ती सीट बाबांकडे आली.
रिक्षावाला म्हणाला, बदलून टाका.
बाबांनी ओल्या फडक्याने पुसून परत दिली.
त्याच जातीचं रेक्झीन
त्यांनी माझ्यासाठी फळीवर पसरलं.

मरून. कडांना पिवळी पायपिंग.
निदान पायपिंग तरी नको ना, बाबा.
अंधारात दिसते, ते म्हणाले.

वर्गात बॅगेचं नाव पडलं मीटर.
रेश्मा तडवी रोज विचारायची, आज किती झालं गं?
मनोरुग्णालयाच्या पोस्टिंगआधी मॅडमनी
सगळ्यांचे लांब पट्टे, नाड्या, गोंडे काढायला लावले.
बाकीच्या ब्लेडने उसवत बसल्या.
माझा पट्टा टिचबटणांवर होता,
रिक्षाच्या पडद्याच्या.
टच, टच, सुटला.
त्या दिवशी रेश्माने भाडं विचारलं नाही.

खरं तर बॅग वॉर्डात जातच नाही.
ती कपडे बदलायच्या खोलीत, खिळ्याला.
आत जातात दोन हात
आणि एप्रनचा एक खिसा,
त्यात पेन, टॉर्च,
कुठल्यातरी पेशंटच्या आईने बळेच दिलेली लिमलेटची गोळी.

घरीही तिला उंबऱ्याच्या आत जागा नाही.
बाबांनी दाराबाहेर हूक ठोकलाय.
संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न:
चेन नीट चालते ना?
पेशंटचं विचारत नाहीत, परीक्षेचंही नाही.
चालते, म्हणते मी, आणि पाय धुवायला जाते.

परवा मंगळवारी
नऊ नंबरच्या आजोबांची नाडी मोजत होते.
बेचाळीस ठोके मोजले.
त्रेचाळिसाव्याची वाट बघता बघता
काटा बारावरून पुढे गेला.
सिस्टरने येऊन माझी बोटं
त्यांच्या मनगटावरून हळूच सोडवली.

चेन नीट चालते ना?

अडकते, मी म्हटलं.

बाबांनी हुकावरून बॅग काढली,
देव्हाऱ्याच्या फळीवरून मेणबत्तीचा तुकडा आणला,
उंबऱ्यावर बसले
आणि एका टोकापासून
एकेका दातावर मेण घासू लागले.
चेन पहिल्या दिवसापासून लोण्यासारखी सरकते.
त्यांच्या हाताला ते कळत होतंच.
मीही शेजारी बसले, बूट न काढता.

आईने दोनदा जेवायला हाक मारली.
थांब, बाबा म्हणाले,
अजून थोडी राहिलीय.