चौतिसावी सही

नेरूळच्या उद्यानात, घसरगुंडीखाली
कौतिकाबाईचा संसार होता.
निळी ताडपत्री, पाण्याला रंगाचे दोन रिकामे डबे,
झोपाळ्याच्या साखळीवर लेकीचा ओला परकर.

अर्ज दारात आला तेव्हा मी कणीक मळत होते.
तशाच हातानं सही केली. चौतिसावी.
कागदाला पीठ लागलं,
एवढंच.

मग रात्री फाटकाला कुलूप,
बाकांना मधोमध लोखंडी दांडे,
कुणी आडवं होऊ नये म्हणून.

आज फिरून दमले, टेकले,
तर समोरासमोरच्या दोन दांड्यांना
साडीच्या काठाच्या गाठी, घट्ट.
मधे झोळीएवढी जागा.
खाली मातीत दुधाचा डाग, मुंग्या लागलेला.

माळी म्हणाला, सोडू का, मॅडम?

मी म्हटलं,
आधी त्या जास्वंदीला पाणी घाल.