सातुर्निन पोदेराने गहू पाहिला

हळदोण्यात गहू होत नाही.
हे मला चौघांनी सांगितलं, पाचव्याने नुसतं हसून.
मी करमाळ्याची. माहेरून आणलेलं बियाणं
जुन्या साडीच्या गाठोडीत, दोन किलोला जरा कमीच.

भात कापून झालं होतं. शेतात धसकटं,
धसकटांत खेकड्यांची बिळं,
आणि माती अशी, की पाय उचलला तर चप्पल ठेवून घेईल.
ती पाण्यात उभं राहायला शिकलेली,
तिला मी कोरडं व्हायला सांगत होते.
पुंडलिकने टिलर दोनदा फिरवला. "पुरे?"
मी म्हटलं, अजून.
उरलेली ढेकळं मोगरीनं फोडली,
कपडे धुवायचीच मोगरी.

पाभर इथे कुणाकडे असणार?
काठीनं रेघा ओढल्या, वीत-वीत अंतरानं,
रांगोळीसारखं चिमटीतून बी सोडलं.
बांधावर इस्पेरांस उभी:
"हें कितें गो, निस्त्याक मीठ घालता?"

एकविसाव्या दिवशी पहिलं पाणी.
ते चुकलं तर गहू राग धरतो, आई म्हणायची.
दारोदारी कागदी नक्षत्रं लागली, माझ्या वाफ्यात फुटवे.
थंडी हवी होती मला, ओठ फाटतात ती.
इथे पहाटे पंखा एकवर येतो, तेवढीच.
गहूही तेवढाच वाढला, गुडघ्याला लागेल न लागेल.

मग पोटरी. मग एके सकाळी ओंब्या.

सातुर्निन रोज सहाला येतो.
सायकल, भोंगा, टोपलीवर निळं प्लास्टिक.
चाळीस वर्षं पीठ मळतोय, त्याआधी बाप, त्याआधी आजा.
त्या दिवशी सायकल माडाला टेकवून उतरला.
"हें कितें?"
"गंव."
तो हसला नाही.
चपला काढल्या. इगर्जीत ते काढत नाहीत,
इथे चिखलही नव्हता. तरी काढल्या.
ओळीत शिरून एक ओंबी धरली,
कुसळ टोचलं तसा हात मागे.
"आयज मेरेन पोतें पळयलां," म्हणाला. "झाड ना."

दाणा नखानं दाबला. अंगठ्यावर दुधाचा थेंब.
चाटला. बराच वेळ गप्प.
मग धंद्याचं विचारलं:
"हातूंत मैदो खंय?"

वरच्या वाड्यावर त्या दिवशी पाव थंड पोचले.

नंतर तांबेरा आला, पान चोळलं की बोटं विटकरी.
कीर आले, विजेच्या तारेवर रांग लावून.
चकचकीत जुन्या सीडी बांधल्या,
त्यांत ते आपापली तोंडं बघू लागले.
मार्चच्या पहिल्या आठवड्यात कापला,
दगडावर बडवला, आणि उफणायला
खाडीवरच्या वाऱ्याची चारपर्यंत वाट पाहिली.
सगळा भुसा इस्पेरांसच्या वाळत घातलेल्या चादरींवर.
त्यावरून भांडण. भांडण मिटायला एक वाटी गहू.
उरला नऊ किलो, त्यात थोडी माती धरून.

दळून आणलेलं दोन किलो पीठ सातुर्निननं नेलं.
दुसऱ्या दिवशी भोंगा आमच्या दाराशी तीनदा वाजला.
उंडो हातात दिला. जड, एका बाजूनं करपलेला.
"फुल्लो ना," म्हणाला,
जसा माझ्या मुलाचा निकाल सांगतोय.
पैसे नको म्हणाला, मग विचार बदलून पाच रुपये घेतले.

मी उभ्यानंच तोडला.
करमाळा आठवेल असं वाटलं होतं.
नाही आठवला.
खारट लागला, किंचित, जिभेच्या कडेला.

सायकलवर टांग टाकता टाकता सातुर्निन थांबला.
"मीठ," तो म्हणाला,
"हांवें घालूंक नाशिल्लें."