पाणसळ

एक टोक माझ्याकडे, दुसरं इद्रिसकडे.
नळीत बुडबुडा राहिला तर अख्खा मजला खोटा,
म्हणून आधी टिचकी मारायची,
तो वर येऊन फुटेस्तोवर थांबायचं.
एकतीस वर्षं हेच.

डॉक्टर मिस्किटांनी प्लास्टिकचा कान उघडून दाखवला.
आत गोगलगाईचं घर, शेजारी तीन कमानी.
"यातही पाणी असतं, मिस्त्री. डाव्या कानात ते वाढतंय."
मी विचारलं, टिचकी कुठे मारायची?
ते हसले. मग हसायचे थांबले.

आजाराचं नाव मेनिएर.
कुंदाने गॅसच्या पुस्तकावर लिहून घेतलं,
दोनदा खोडून.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात.
माझी सरकली नाही, भिंत झाली.
घाटकोपरला, नवव्या मजल्यावर,
मीच बसवलेली लादी गालाला लागली
आणि मी तिलाच धरून राहिलो.
धरणार काय,
सांधा इतका बारीक की नखही शिरेना.
ओकलो. कंत्राटदार दारातूनच म्हणाला,
"सकाळी सकाळीच?"
विडीलाही कधी न शिवलेला मी
उत्तर द्यायला तोंड उघडलं,
तर तोंडही फिरत होतं.

दोन तासांनी सगळं जागेवर.
फक्त डाव्या कानात कटर चालू राहिला,
ज्याचा प्लग मी कधीच काढून ठेवलाय.

नायरच्या बंद खोलीत हेडफोन लावले.
आवाज आला की बटण दाबा.
कागदावर रेघ उमटली, डावीकडे खचलेली.
असा उतार मी फक्त मोरीला देतो.

आता मीठ बंद.
बाप भांडुपच्या मिठागरात खपला,
टाचांच्या भेगांत मीठ घेऊन घरी यायचा.
मी शेजारच्यांच्या सुकटीच्या वासावर भात गिळतो.
कुंदा स्वतःच्या ताटातही मीठ घेत नाही.
का, विचारलं,
तर म्हणते, ऐकू नाही आलं.

परातीवर चढायचं नाही, एकट्याने जिना नाही.
लादी खाली पोकळ आहे का
ते रुपयाने वाजवून बघतो, उजवा कान टेकवून.
इद्रिस न सांगताच माझ्या उजवीकडून चालायला लागलाय.

आज पलीकडच्या खोलीतून त्याने विचारलं असणार, "बरोबर?"
मी नळीकडे बघत होतो.
पाणी थोडं हललं, वर गेलं, खाली आलं,
थांबलं.
मी बोट वर केलं,
आणि दुसरा हात
भिंतीवरून काढला नाही.