गोड्या पाण्याचं बंदर

निघालो होतो वेंगुर्ल्याला.
पैठणच्या अलीकडं क्लच गेला.
गाडी मुळात रुग्णवाहिका,
जालन्याच्या हारूनमिस्त्रीनं स्ट्रेचर काढून
फळी ठोकून घर केलेली.
दोनदा रंग मारला तरी खालची उलटी अक्षरं दिसतात
आणि लोक अजून रस्ता देतात.
इंदुताईला ते आवडतं. म्हणते,
मरायच्या आधी एवढा मान कुणाला मिळतो?

एका ट्रॅक्टरनं ओढत आणून
धरणाच्या पाण्याकाठी सोडलं.
पार्ट उद्याच्या एसटीनं.
"मग आज हेच आपलं बंदर," ताई म्हणाली,
आणि पहिल्याच पोराला विचारलं,
"बंदर कुठंय रे?"
"बंदर? ते काय, वडावर बसायलेत.
चष्मा सांभाळा, मावशी."

समुद्र कुठला इथं.
खारं म्हणाल तर फक्त टपरीवरचं सुशीला,
त्यात मीठ जास्त, शेंगदाणे हात राखून.
पण होड्या आहेत. पत्र्याच्या, डांबर फासलेल्या,
काही नुसते थर्मोकोलचे तुकडे, पोत्यात शिवलेले.
बर्फाचा टेम्पो आहे. तराजू आहे.
कटला, रोहू, मरळ,
आणि कुणालाच नको असलेल्या चिलापीचा ढीग,
त्यावर एक बगळा, वजन करून घ्यायला आल्यासारखा.

दुपारी सगळं थांबलं.
बायका जाळी उसवत बसल्या, बोलणं संपवून.
लांब पाण्यावर गुलाबी रेघ होती,
रोहित पक्षी म्हणाले कुणी.
मी मोजायला लागलो, साठावर सोडून दिलं.
ताई चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभी.
ओंजळभर चाखलं. "गोडंय," म्हणाली,
तक्रार केल्यासारखी.

कचरू नावाचा माणूस होडी धुत होता.
"काय करायलाव?" म्हणाला.
काही नाही, म्हटलं. बघायलाव.
"बगा की. बगायला पैसे नाहीत."
मग बोटानं दाखवलं, त्या डबक्या रंगाच्या पट्ट्यापलीकडं
त्यांचं शेत. खाली. बाभळी सुद्धा असतील,
कारण जाळं अजून तिथंच फाटतं.
"बाप तिथं नांगर धरायचा.
मी तिथंच नांगर टाकतो."
हसला नाही. गंमत त्याची जुनी झाली असावी.

मला गावाचं नाव ऐकल्यासारखं वाटलं.
सत्त्याहत्तर साली मी पोस्टात नवा, सॉर्टिंगला,
तेव्हा बुडालेल्या गावांची पत्रं येतच राहायची.
पुण्याहून, मिलिटरीतून, एक हैदराबादहून, दर महिन्याला.
लाल शाईनं 'पुनर्वसन' लिहून पुढं ढकलायची.
ढकलली. कुठं गेली, विचारलं नाही.
कचरूला हे सांगावं असं मनात आलं,
तोवर तो होडी उलटी करून गेलासुद्धा.

संध्याकाळी ताईनं पिठलं केलं.
हारूननं बसवलेला गॅस एकाच बाजूनं पेटतो,
म्हणून भाकरी नेहमी अर्धी करपलेली,
अर्धी जणू दुसऱ्याच घरची.
कुत्रं आलं, पिठलं हुंगून गेलं.
पलीकडच्या काठावर एक दिवा लागला,
मग बराच वेळ दुसरा लागेना.

जमीन पाण्याकडं उतरती.
हँडब्रेकवर माझा विश्वास नाही,
चाकाखाली धोंडा लावला.
आतून ताईनं विचारलं, "काय ठेवलंस?"
"नांगर," मी म्हणालो.

ती फळीवर कूस बदलते तेव्हा गाडी थोडी हलते.
अंधारात बऱ्याच वेळानं तिचा आवाज:
"वेंगुर्ल्याला भरती किती वाजता असते रे?"
माहीत नव्हतं.
"आपण पोचलो की," म्हणालो.
बाहेर पाणी काठाला लागत होतं,
घाई नसलेल्या माणसानं
दार वाजवावं तसं.