त्यांना श्रावण नाही

गटारीच्या दुसऱ्या दिवशी
मन्सूरचाचांच्या दुकानामागे अकरा पोती.
ओली पिसं. कोंबडीच्या अंगावर
इतकी जड नसतील.
"ने बाई, हवी तेवढी ने,
कचऱ्याची गाडीसुद्धा नाक मुरडते."

एक पोतं स्कूटरवर, पायांमध्ये घेऊन निघाले.
जुन्या बाजाराच्या सिग्नलला
शेजारची रिक्षा उगाच दोन फूट सरकली.
संचेतीच्या पुलावर एक पीस सुटलं,
माझ्या खांद्यावरून मागे गेलं.
ब्रॉयलरचं पीस ते.
उडण्याची त्याची पहिलीच वेळ.

पीस सहजी कुजत नाही.
पाण्यापावसाला दाद देऊ नये म्हणूनच तर विणलेलं,
आत गंधकाचे टाके, जवळ जवळ घातलेले.
माझी नखं त्याच कापडाची, केससुद्धा,
सकाळीच मोरीच्या जाळीतून उपसलेले.
हे टाके उसवायला सुई चालत नाही.
भूक लागते.

वेताळ टेकडीची माती आणली,
मुठेकाठचा गाळ, सरांच्या कुंडीतलं खत.
सोळा नमुने. फ्लास्कमध्ये पिसं तशीच
पांढरी, ताठ, लग्नाला निघाल्यासारखी.
सतरावी माती चाचांच्या मागच्या अंगणातली,
चपलेला चिकटून आलेली,
म्हटलं, टाकून तर बघू.

गुरुवारी वीज गेली.
दार लावून घेतलं आणि चाळीस मिनिटं
फ्लास्क हातानेच हलवत बसले.
नंतर बोटांना चमचा धरवेना.

चौथ्या दिवशी तंतू गेले.
सहाव्या दिवशी मधला कणा.
उरलं कोऱ्या चहासारखं पाणी,
आणि असा वास, की आईने माझे कपडे
वेगळ्या बादलीत भिजवले
आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

चाचा आले बघायला, इस्त्रीचा शर्ट घालून.
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना टोपी काढून हातात घेतली.
"हे? एवढेसे?"
तुमच्याच अंगणातले, म्हटलं.
बराच वेळ डोळा हलवला नाही.
"अब्बा तिथेच टाकायचे. तीस वर्षं.
आळीतले लोक भांडायला यायचे."
मग खालच्या आवाजात,
"आणि श्रावणात काय खातात हे?
आमचा तर धंदा अर्ध्यावर येतो."
त्यांना श्रावण नाही, चाचा.
नसलं खायला तर अंगाभोवती कवच करून
झोपून राहतात. वर्षं वर्षं.
"शहाणे आहेत," म्हणाले.

जाताना एक बाटली दिली.
दुकानाच्या पायरीवर, तेलाच्या डब्यात
त्यांचं मिरचीचं रोप आहे.
पहिल्या आठवड्यात पानं करपली.
बाटली अर्धी ओतली होती एकदम,
आपलं माणूस जेवायला बसल्यासारखी.
आता झाकणभर घालतात, बादलीत कालवून.

काल फोन आला.
दोन फुलं आहेत, म्हणाले.
आणि पोती चार.
येतेस का?